काकासाहेबांचे न उघडणारे रिव्हॉल्व्हर

मी, वच्छलाबाई काकासाहेब ठोंबरे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार गारखेडा, औरंगाबाद, माझ्या पश्चात कोणी माझ्या इच्छांचा अंदाज बांधत बसू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न झाला होता, तो पुढे येईल. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. गारखेड्याचे घर मी माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या पगारातून बांधले. वैजापूरच्या शेतीचा किंवा कापसाच्या जिनिंगचा त्यात छदामही नाही. हे घर माझी एकुलती एक मुलगी दमयंती हिचे. धाकट्या दिरांचा मुलगा बद्रीनाथ, हे घर एकत्र कुटुंबाच्या पैशातले आहे असे सांगत कोर्टात जाण्याची भाषा करत होता. माझ्यामागे दमयंतीने तारखांना खेटे घालावेत, हे मला मान्य नव्हते. तो प्रश्न कसा मिटला ते कलम ४ मध्ये वाचावे.

२. बँकेतली ठेव दमयंतीची. गॅस, कुकर आणि पितळी डबे साळूबाईचे. स्वयंपाक तिनेच केला. मी फक्त चहा करते आणि तो तिला आवडत नाही. माझ्या तेराव्याला जिलेबी करू नये. जाऊबाई भागूबाईंना, म्हणजे बद्रीनाथच्या आईला, ती फार आवडते. त्यांचे लग्न आमच्या आधी झालेले. माझ्या लग्नात त्यांनी भर मांडवात विचारले होते, "हिला कालेजात भाकर थापायला शिकवलं नाय का?"

३. माझे यजमान कै. काकासाहेब यांचे रिव्हॉल्व्हर. परवाना त्यांच्यामागे माझ्या नावावर झाला.

हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या तिसऱ्या वर्षी, दसरा होऊन आठवडा झाला असेल, वैजापूरच्या जिनिंगवर भरदुपारी दरोडेखोर आले आणि यजमानांनी ते याच हत्याराने परतवले. मी औरंगाबादला नोकरीवर होते. जिनिंगचे इंजिन चालू असल्याने कामगारांना काही ऐकू आले नाही. ही हकिकत सांगताना पहिल्या वर्षी यजमान "दम दिला" म्हणत. दमयंतीच्या बारशाला गोष्टीत एक गोळी सुटली. तिच्या मॅट्रिकपर्यंत सहा झाल्या. सहाच्या पुढे गेल्या नाहीत, कारण चक्रात काडतुसे सहाच मावतात.

तेव्हापासून ते चक्र उघडत नव्हते. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करावे लागे. एकदा हवालदार खटका दाबून घामाघूम झाला.

"बाई, हे उघडंना की. भरलेलं हाय का?"

"भरलेलं समजा आणि नळी माझ्यावरून बाजूला करा," मी म्हणाले.

आत सहा रिकाम्या पुंगळ्या आहेत, असे सारे वैजापूर मानत आले. यजमान गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ते उघडायला घेतले. चक्र पुन्हा अडकेल, म्हणून रीत लिहून ठेवते. जे उघडत नाही ते भरलेलेच आहे असे धरावे. नळी वाळूच्या पोत्याकडे, बोट चापापासून लांब. हातोडी, पक्कड आणि बद्रीनाथ यांना जवळ येऊ देऊ नये. चक्राच्या मधोमध जी दांडी असते ती आधी पाहावी. तिचे आटे सैल झाले की ती पुढे सरकून अडते. आमच्या दांडीचे आटे घट्ट होते, म्हणजे दोष चिकट्याचा.

सासूबाई द्वारकाबाई दसऱ्याच्या शस्त्रपूजेत रिव्हॉल्व्हरवर हळद, कुंकू, अक्षता वाहत आणि गंजू नये म्हणून वरून करडईचे तेल सोडत. हे तेल हवेत वाळून वार्निशासारखे धरते. हैदराबादला बी.एस्सी.ला आम्हाला हेच उर्दूतून शिकवले होते, फक्त रिव्हॉल्व्हरचे उदाहरण दिले नव्हते. फटींत थेंबथेंब रॉकेल सोडून थांबावे. चिकटा मऊ झाला की लाकडी काडीने काढावा, खटका दाबून चक्र अंगठ्याने हलकेच बाहेर ढकलावे. ज्याला धीर नसेल त्याने परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. मला चक्राच्या बिजागरीत अक्षतेचा दाणा रुतलेला सापडला. यापुढे पूजा खोक्याची करावी.

आत काय निघाले ते मी कोणालाही सांगितले नाही. चक्र बंद करून ठेवले. आता ते सहज उघडते, पण कोणी उघडून पाहिले नाही.

४. बद्रीनाथला पंचायत समितीला उभे राहायचे आहे. हे रिव्हॉल्व्हर काचेच्या पेटीत ठेवून खाली "सहा गोळ्यांत दरोडा परतवला" अशी पाटी लावायची आहे. गेल्या महिन्यात तो मागायला आला. मी ते टेबलावर ठेवले.

"ने. पण आधी चार माणसांसमोर उघडायचं. सहा पुंगळ्या निघाल्या तर अर्धं घरही तुझं. लिहून देते."

"हे उघडतंय व्हय, काकू?"

"मी उघडलंय."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "काय निघालं?"

"गावभर गोष्ट तू सांगतोस. तुला माहीत असणार."

त्याने रिव्हॉल्व्हर एका बोटाने माझ्याकडे सरकवले. "लई जुनं हाय, काकू. कशाला उघडायचं? बंदच शोभतंय."

"आणि घराचं?"

"घर राहू द्या दमयंतीअक्काला."

आत सहाही काडतुसे जिवंत आहेत आणि काकांनी तोंडानेच ठाय ठाय केले, असे त्याला वाटले असावे. वकील हेमचंद्र शेजारच्या खोलीत कागद तयार करून बसलेच होते. घरावर हक्क न सांगण्याचा तो लेख दुसऱ्या दिवशी नोंदवला. प्रत सोबत आहे.

५. आता सांगायला हरकत नाही. आत काहीच नव्हते. जिवंत काडतूस नाही, पुंगळी नाही, नळीत काजळीचा डागही नाही. भरलेले हत्यार देवापुढे ठेवायचे नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. त्या दसऱ्याला यजमानांनी काडतुसे काढून बंडीच्या खिशात टाकली. पूजा झाली आणि तेलाने चक्र धरले. दरोडेखोर आले तेव्हा ते उघडेना. ती सहा काडतुसे मला त्या जुन्या बंडीत मिळाली. मी ती ठाण्यात जमा केली.

म्हणजे यजमान रिकामे रिव्हॉल्व्हर रोखून जिनिंगच्या दारात उभे राहिले, आणि आलेले लोक परत गेले. सहा गोळ्यांची गोष्ट मला कधीच पटली नव्हती. ही मी कितीही वेळा ऐकली असती. त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नाही.

परवान्याचे सोपस्कार झाल्यावर रिव्हॉल्व्हर बद्रीनाथने न्यावे. पेटीत मांडताना चक्र उघडे ठेवावे, सहाही रिकामी घरे दिसली पाहिजेत. पाटीवर एवढेच लिहावे: "काकासाहेब ठोंबरे हे घेऊन दारात उभे राहिले. आत काही नव्हते." अंमलबजावणी वकील हेमचंद्र यांनी पाहावी.

सही: वच्छलाबाई काकासाहेब ठोंबरे

आमच्यासमोर सही झाली. बाईंनी आम्हाला मजकूर दोनदा वाचायला लावला.

साक्षीदार: १. पुंजाराम सांडू गायके, निवृत्त प्रयोगशाळा सहायक
२. लक्ष्मीबाई कडूबा दांडगे, शेजारी

स्थळ: गारखेडा, औरंगाबाद
दिनांक: ९ ऑगस्ट १९९४