गिधाडांसाठी मांडलेलं पान

९ जानेवारी २०१४

आणखी दोन! कड्याखाली माना टाकून पडलेली. मागच्या हिवाळ्यात अकरा गिधाडं होती. आता पाच.

चिरून पाहिलं. यकृतावर, काळजावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. थंडी नव्हे, साथ नव्हे. डायक्लोफेनॅकच असणार. दुखण्यावरचं साधं इंजेक्शन. गाईला आराम पडतो, पण ती मेली की तिचं मांस खाणाऱ्या गिधाडाच्या किडन्या जातात. गुरांसाठी त्यावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली. बंदीला कोण विचारतं!

१० जानेवारी

वनखात्याच्या शालिग्राम साहेबांकडे, नव्या राजधानीतल्या ऑफिसात. रस्ते एवढे रुंद आणि माणूस औषधालाही नाही. गोशाळेतली गाय मेली की ती गाडीनं कड्याखाली नेऊन टाकायची, म्हणजे गिधाडांचं पोट भरतं — ही साहेबांची लाडकी योजना. पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं दाखवतात. म्हटलं, आधी ती गाडी थांबवा, मेलेली जनावरं तपासू द्या. साहेब चष्मा पुसत राहिले.

"मॅडम, अभी लिख दीजिए, कारण पता नहीं चला."

मी लिहिलं नाही. भित्रा माणूस. नोकरी वन्यजीवांची आणि जीव खुर्चीत.

१४ जानेवारी

संक्रांत. आई सकाळीच रिक्षानं बाबांच्या नावाचं दान देऊन आली. दर महिन्याला जाते. कुठं, ते विचारलं नाही, मला कुठला वेळ! तीळगूळ देताना म्हणाली, तुझ्या तोंडावर बारा महिने सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर. खरंच आहे.

२३ जानेवारी

लॅबचा निकाल आला. डायक्लोफेनॅकच! आनंद झाला. मग स्वतःचीच लाज वाटली.

साहेब फोन उचलत नाहीत.

२५ जानेवारी

गोशाळेत गेले. म्हाताऱ्या गाई, ट्रकखाली आलेल्या, प्लास्टिक खाऊन फुगलेल्या. तिथलं सगळं नत्थूभैया पाहतो. भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण तो चिडला नाही. "हम कहाँ खरीदते हैं, दीदी? दान में आता है." कोणी माताजी दर महिन्याला इंजेक्शनं आणून देतात म्हणे. कुठल्या गाईला जास्त त्रास आहे ते विचारतात, तिच्या पाठीवरून हात फिरवून जातात. नाव त्यानं कधी विचारलं नाही. रिकामी बाटली दाखवली. डायक्लोफेनॅकचीच, पण माणसांसाठीची, मोठी.

कमवा पुण्य! गाय तेवढी देव, आणि गिधाडं गेली मसणात. या बाईला शोधून काढीन, तिचं नाव रिपोर्टात घालीन. साहेबांच्या नाकावर टिच्चून.

२६ जानेवारी

सुट्टी. शाल काढायला आईचं कपाट उघडलं. खालच्या खणात, बाबांच्या जुन्या स्वेटरखाली, खोका. त्याच बाटल्या.

खोका घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. घसा फाडून ओरडणार होते. आई मटार सोलत होती. खोक्याकडे पाहून हसलीच.

"गोशाळेचं हाय ते. तुझ्या बाबाले शेवटी याच सुईनं झोप लागत होती. तू जंगलात राहत होती, तू त्याईचं कण्हणं आयकलं नाही. मी आयकलं. त्या मुक्या गाईले काहून तसं ठेवाचं?"

मी एक बाटली उलटून पाहिली. म्हणाले, याची तारीख उलटली आहे, मी दुसरं चांगलं औषध आणून देते. "हव, आण," म्हणाली. खोका गाडीच्या डिकीत ठेवला. तिथंच बसून रडले.

३० जानेवारी

आज आणखी एक गेलं. चार राहिली.

रिपोर्ट पाठवला. औषधाचं नाव लिहिलं, गाडी थांबवा असंही लिहिलं. औषध कुठून आलं, ती जागा कोरी.

२ फेब्रुवारी

जेवताना आईनं विचारलं, "कशानं मेले वं तुझे गिधाड? समजलं काय?"

म्हणाले, "अजून कळलं नाही."