मॅचचे चॉकलेट बॉल

आईस,
पठाणकोटच्या क्वार्टरमधून राणीचा दंडवत. आमी दोघं बरी हाय. तुझा गुडघा कसाय?

फलटणला मॅच बघायला जमलेल्यांना रेश्मावहिनीनं चॉकलेटचे बॉल करून घातले, त्याचं तू फोनवर लय कौतुक केलंस. माझा जळफळाट झाला. फायनलला ह्यांचे मित्र येणार होते, म्हणून मीबी बिस्किटं चुरून तसलेच बॉल वळायला घेतले. सगळे फुटले. शेवटी नाक मुठीत धरून वहिनीलाच फोन लावला.

ती म्हणाली, “ताई, चमचाभर दूध घाला.” मग हळूच म्हणाली, “तुमच्या हाताची चव माझ्या हाताला न्हाई, असं आई रोज ऐकवत्यात.”

बॉल झकास झाले. माझी जळजळ तिथंच थांबली, पण तिची कुठं थांबलीय? आई, इथून पुढं माझं कौतुक माझ्याजवळ कर, आणि तिचं तिच्याजवळ.

तुझीच लेक,
राणी