लांबचं मोहाचं झाड

माय, तुझ्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. आपल्या भागाला पश्चिम खानदेश म्हणायचे, तेव्हाची गोष्ट. चैत्र लागलाय. डोंगराच्या पायथ्याच्या आपल्या तुकड्यात ज्वारीची धसकटं तशीच उभी आहेत आणि तू टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला निघालीस. आजी ओट्यावरून ओरडते, "वावर सोडीसन रानमा! आनि बांधवरलं आपलं झाड टाकीसन इतली दूर काय ठेयेल शे?" मग ती मला तुझ्यामागे पाठवते. तू वळून बघतेस आणि हसतेस. "तुले बुढीनी धाडं ना? मंग डोया उघडा ठेव, आनि टोपली बी धर."

मी डोळे उघडेच ठेवले होते. त्या लांबच्या झाडाखाली पोचल्यावर तू लगेच फुलं वेचली नाहीस. पाय पसरून बसलीस. केसांवर फुलं पडत होती, ती झटकली नाहीस. आलं-गेलं कुणीच नाही. मी घरी येऊन तसंच सांगितलं. आजी म्हणाली, "कोनीच नई? मंग ते आखो वाईट!"

आता मी कॉलेजात शिकवते. पाखरं अन्न शोधताना थोड्या मेहनतीत जास्त कुठे मिळेल ते बघतात. पोटापुरतं पिकवणारी माणसंही शेत आणि रान यांत तशीच निवड करतात, असा एक विचार आहे. त्यावर लेख लिहिताना तूच डोळ्यांपुढे होतीस. धसकटं थांबतात, मोह थांबत नाही. वावर सोडून रानात जातेस, या आजीच्या पहिल्या आरोपातून तू सुटलीस. पण बांधावरच्या झाडाखाली तितकाच सडा असताना तू लांब का जायचीस? "तठली फुलं गोड शेतस," म्हणायचीस. मी दोन्हीकडची चाखली होती, माय. सारखीच होती. मग तू कुणापासून लांब जात होतीस? आजीपासून, की माझ्यापासूनही?

लेखात ते झाड मी घातलंच नाही.

हे पत्रही ठेवणार नाही. मुलीच्या हाती लागेल. हल्ली मी कॉलेजातून लांबच्या रस्त्यानं घरी येते. परवा तिनं विचारलं, "तिकडे काय आहे गं?" तिची नजर मला आजीसारखी वाटली. मी म्हटलं, "तिकडची भाजी ताजी असते."

भाजी दोन्हीकडे सारखीच असते.