आबांसाठी सायलेन्सर

४ ऑक्टो., शनिवार
पिकअपचा सायलेन्सर आज पुरता गेला. मधल्या डब्याचा पत्रा सडून खाली लोंबतोय. वैरण घेऊन गल्लीत शिरलो तर लोक घराबाहेर येऊन बघायला लागले. लोकांचं काही नाही. घरात आबा.
जूनमधल्या झटक्यापासून त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गाडीचा आवाज आला की डोळे मोठे होतात, डावा हात कॉटच्या दांडीवर आपटत राहतात, मग रडतात. रोज संध्याकाळी. आज तर आवरेनातच. सुनीता त्यांचं तोंड पुसता पुसता माझ्यावर उखडली, "अवो, भ्या वाटतंय त्यास्नी. बाप हाय का कोन हाय तुमचा? कवा बदलनार ती पुंगळी?"
डॉ. पण तेच म्हणाले होते. दचकवू नका.
बापाला रोज रडवणारा मुलगा. छान चाललंय.

५, रविवार
गॅरेज बंद. अर्थातच.

६, सोमवार
बंडू मिस्त्रीकडे. म्हणाला, कंपनीचा मागवला तर दिवाळीनंतर. दुसरा त्यानेच वेल्डिंग करून बनवलेला, आत जाळी नाही, काही नाही, सरळ नळी. चालू करून ऐकवला. कानात दडे बसले.
"दिलीपराव, पाडवा आलाय. ह्यो लावा, म्हस उडत येतीय की."
म्हटलं, मला शांत पाहिजे.
"शांत? आनि गवळ्याला?" मिस्त्री खो खो हसला.
हसण्यासारखंच आहे. पाडव्याला म्हशींचा सगर असतो, तेव्हा आख्खी गल्ली सायलेन्सर काढून गाड्या पळवते आणि प्रत्येकाच्या मागे त्याची म्हैस. बाकीच्यांच्या मोटरसायकली, आमची पिकअप. आमची म्हैस तारी रेडकू होती तेव्हापासून हिच्याच आवाजामागे पळते. आबांनी शिकवलं तिला. मी नुसता ड्रायव्हर.
बंडू म्हणाला, जयसिंगपुरात जुन्या मालाचं दुकान आहे, तिथे आपल्याच मॉडेलचा मिळेल बघा.

९, गुरुवार
जयसिंगपूरला जाऊन आलो. दुकानदाराने चार सायलेन्सर मातीत आडवे टाकले, म्हणाला निवडा. मी प्रत्येक उचलून हलवून बघत होतो. आत काही खुळखुळलं की बाद. माणूस बायकोसाठी साडी निवडताना इतका वेळ लावत नाही. एक मिळाला, दोन डब्यांचा, जड, गंज वरवरचा. कुठल्यातरी अपघातातल्या गाडीचा. ते मनात आणलं नाही.
बंडूने दुपारी बसवून दिला. इंजिन चालू आहे की बंद, कळेना. गल्लीत शिरलो, कुणी मान वर केली नाही. दारात गाडी लावून आत गेलो तर आबा छताकडे बघत पडलेले. हात नाही, रडणं नाही, काही नाही.
सु. कितीतरी दिवसांनी नीट बोलली माझ्याशी. चहात आलं घातलं. आज मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

११, शनिवार
डॉ. येऊन गेले. "छान, आता शांत आहेत."
तारी दूध चोरायला लागलीय. एरवी पिकअपचा आवाज आला की हंबरते, आणि वैरण पुढ्यात पडेपर्यंत पान्हा सुटलेला असतो. आता मी पेंढी टाकली तरी माझ्याकडे कोण हा पावणा असं बघते. कासंडी निम्मीसुद्धा भरत नाही. तिला थोपटलं, आबांसारखी हाक मारून बघितली. लाथ बसली.

१४, मंगळवार
आबा पेज निम्मी टाकतात. तोंडाशी चमचा नेला की ओठ उघडतात, गिळायचं विसरतात. भिंतीकडे तोंड. कूस बदलून दिली तर तसेच. आधी निदान रडायचे.
सु. म्हणते शांत झालेत. मलाही तसंच वाटून घ्यायचंय. पण हे शांत होणं मला आवडत

१७, शुक्रवार
चौकात तालमीतल्या एकाने विचारलं, "काय दिलीप, बॅटरीची गाडी घितलीस काय?" सगळे हसले. मीपण हसलो. घरी येऊन गोठ्यात बसलो, उगाच.
तारीचं दूध आणखी कमी. आबांच्या गालाची हाडं दिसायला लागलीत. दोघंही माझ्या डोळ्यांदेखत आटत चाललीत आणि मला यातलं काही कळत नाही. माझ्याच्याने हे होत नाही. कुणाला सांगणार. सु. दिवसभर त्यांचं करते, तिला कुठल्या तोंडाने सांगू.

२१, मंगळवार
लक्ष्मीपूजन केलं. केलं म्हणजे उरकलं.
यंदा सगर नको असं ठरवलं होतं. मग वाटलं, निदान तारीला तरी तिच्या ओळखीचा आवाज ऐकू दे, म्हणजे दुधावर येईल. सु. म्हणाली, "पळवा. पर गाडी लांब चालू करा. मी आबांच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेते."
शिंगं रंगवली. कवड्यांची माळ, मोरपीस. हे काम आबांचं. माझा रंग शिंगापेक्षा कानाला जास्त लागला.

२२, बुधवार, पाडवा
बंडूने सकाळी सायलेन्सर उतरवला. गाडी गल्लीच्या पार टोकाला ढकलत नेऊन चालू केली. तारीने सु.च्या हातातलं दावं हिसकलं आणि आली. बाकीच्या म्हशींना बाजूला सारत, शेपटी वर, थेट माझ्या मागे. आरशात तिचं तोंड दिसत होतं. मी रडत होतो आणि ॲक्सिलेटर दाबत होतो.
परत आलो तर घरात आरडाओरडा.
आबा खाली पडलेले. कॉटपासून दाराजवळच्या कोपऱ्यापर्यंत, पेंड ठेवतो तिथवर, फरफटत गेलेले, कपाळ फुटलेलं. डाव्या हातात पेंडीची पाटी. सोडवता सुटेना.
सु. त्यांचं कपाळ दाबून बसलेली. म्हणाली, "बोलले. मी ऐकलं. आंबोण म्हनाले."
आंबोण.
इतकी वर्षं मी वैरण घेऊन आलो की गल्लीच्या तोंडाशी आवाज ऐकून आबा उठायचे. मी गाडी लावेपर्यंत पेंड कालवून आंबोण तयार, पाटी तारीच्या पुढ्यात, आणि आबा धारेला बसलेले. रोज. मला हे माहीत नव्हतं काय? रोज बघत होतो. ते भीत नव्हते. उठायला बघत होते. उठता येत नाही म्हणून रडत होते. आणि आम्ही जयसिंगपूरहून शोधून शोधून

२३, गुरुवार
कपाळाला टाके. डॉ. चिडले. "पुन्हा पडले तर कंबर जाईल. दुसरा झटकासुद्धा येऊ शकतो. तुम्हाला सांगितलं होतं." मी म्हटलं, पण बोलले. म्हणाले, "असं एखादा शब्द बोलतात पेशंट. त्यावर जाऊ नका."
घरी आल्यावर सु.ला म्हटलं, आवाज राहू दे. तिने हातातलं फडकं टाकलं.
"तुमी गाडीत असतासा. रक्त मी पुसलं. आदी मानूस जगूदे की."
मग ती रडली. तिचं काही चुकत नाही. माझंही चुकत नाही बहुतेक. त्याचाच वैताग आहे.
काल आणि आज तारीने कासंडी भरली.

२५, शनिवार
बंडूचा सकाळपासून फोन, "गाडी कवा आनतायसा? पोलीस धरतील." सायलेन्सर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. त्याची ती सरळ नळीपण आणून ठेवलीय शेजारी. एक लावला तर बाप आटतो. दुसरा लावला तर पडतो. जाता-येता दोन्हींकडे बघतो आणि हात लावत नाही.
वैरण आज रिक्षातून आणली. कुणाला कळू नये म्हणून चौकातच उतरवून भारा डोक्यावर घेऊन आलो.
आत डोकावलो. आबा भिंतीकडे नव्हते. दाराकडे तोंड करून, कपाळाला पट्टी, डावा हात दांडीवर. बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, रस्त्याकडे.
"गा... डी?"
डोक्यावर भारा तसाच होता. सु. चुलीपाशी थांबून माझ्याकडे बघायला लागली.
म्हटलं, "येतीया, आबा."
त्यांनी दांडी घट्ट धरली.