करंड्यातलं कुंकू

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

झालं एकदाचं! अकरा वर्षांनी आपल्या घरी हळदीकुंकू झालं. हे गेल्यापासून घरात कुंकू लावणारं कोणी नव्हतंच — मी विधवा, मी कशी लावणार? आता मुलाची, केयूरची, बायको आली. मुक्ता काळ्या साडीत फार शोभत होती. ब्रह्मा घाटावरच्या आपल्या मराठी एकवीस जणी आल्या. मी आत बसून तिळगूळ आणि वाणाच्या डब्या पुढे करत होते.

करंडा माझाच, चांदीचा. हे गेले त्या दिवशी बंद करून ठेवलेला. नोव्हेंबरात मुक्ता लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतल्या दुकानातून 'एकदम शुद्ध' म्हणून आणलेलं गर्द लाल कुंकू त्यात भरलं आणि तिच्या हातात दिला. बजावलं, टिकल्याबिकल्या नकोत, मेणावर कुंकू लावायचं, रोज.

सगळ्या गेल्यावर मुक्ता म्हणाली, "आई, याने कपाळ चरचरतं. दोन दिवस नाही लावलं तर चालेल?"

"होते सवय," मी म्हटलं. पहिल्याच वर्षी मोकळं कपाळ घेऊन फिरायचं म्हणजे काय!

७ फेब्रुवारी

मुक्ताच्या कपाळावर बारीक पुरळ. थंडीने असेल. इथली हवा तिच्या माहेरच्या सांगलीसारखी थोडीच आहे.

१० फेब्रुवारी

आज मीच हातात घेतलं. बेसन, हळद, वर लिंबू पिळलं. माझ्या आईचा उपाय, मी जन्मभर तोंडाला हेच लावत आले. मुक्ता पाटावर बसली, डोळे घट्ट मिटून. चोळताना तिने एकदा माझं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. केयूर बँकेत निघता निघता म्हणाला, आई, रहने दो ना. त्याला म्हटलं, तू तुझं काम बघ.

दुपारी ती ऑफिसच्या मीटिंगला बसली. पुण्याची कंपनी, घरूनच काम. आज कॅमेरा बंद ठेवला.

११ फेब्रुवारी

कपाळ भुवयांपर्यंत सुजलंय. पाणी सुटतंय. माझ्या हाताने केलं हे.

१४ फेब्रुवारी

लंका मोहल्ल्यातल्या त्वचेच्या डॉक्टरनीकडे गेलो. केयूरने रजा घेतली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेले.

डॉक्टरनीने विचारलं, क्या-क्या लगाती हैं? मुक्ताने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, कुंकुम, और एक बार बेसन. कोणी लावलं, कोणी लावायला लावलं, काही नाही. माझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यापेक्षा घेतलं असतं तर बरं झालं असतं!

कपाळाला काही म्हणजे काही लावायचं नाही. कुंकू नाही, टिकली नाही, घरचे नुस्खे तर बिलकुल नाहीत. दहा दिवस औषध. त्यानंतर फक्त तीन गोष्टी — सौम्य फेसवॉश, तोंड ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि सकाळी बाहेर पडायच्या आधी सनस्क्रीन. मी विचारलं, बस इतनाच? तर हसली. म्हणाली, "माताजी, स्किन को आराम चाहिए, मेहनत नहीं."

सूज गेली की तपासणी करायची आहे. येताना ते कुंकू घेऊन या म्हणाली.

३ मार्च

मुक्ताच्या पाठीवर दहा चौकोनी पट्ट्या चिकटवल्यात, प्रत्येकीखाली वेगळी वस्तू. दहावीखाली करंड्यातलं कुंकू. दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. मनात म्हणते आहे, दुसऱ्या कशाचं तरी निघू दे. फेसवॉशचं निघू दे, केसांच्या रंगाचं निघू दे.

५ मार्च

नऊ चौकोन साफ. दहावा लाल, वर फोड.

कुंकवात कसला तरी रंग आहे म्हणे, तो तिला सोसत नाही. शुद्ध! सूज गेली, पण दोन भुवयांच्या मध्ये रुपयाएवढा राखी डाग राहिलाय. जाईल? डॉक्टरनी म्हणाली, सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही. ऊन लागू देऊ नका, नाहीतर आणखी गडद होईल.

सव्वीस वर्षांच्या मुलीचं कपाळ.

६ मार्च

खरं काय ते इथे तरी लिहावं.

हे गेले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. शाळेत गणित शिकवत होते, मुलींना मोठ्या तोंडाने सांगत होते की कारण विचारल्याशिवाय काही मानू नका. आणि चुलत सासूबाई ओलं फडकं घेऊन आल्या, माझं कपाळ पुसलं, मी पुसू दिलं. कारण विचारलं नाही. तेव्हापासून कपाळाला हात लावला नाही. तोंड धुतानासुद्धा तिथे नुसतं वरवर पाणी मारते.

मुक्ता आली आणि मला वाटलं, आता रोज सकाळी कुंकू दिसेल. तिचं नव्हे, माझं! माझा करंडा, माझं मेण, फक्त कपाळ तिचं. ती चरचरतंय म्हणत होती आणि मी कुंकू बघत होते. तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मला स्वतःची लाज वाटते.

१६ मार्च

होळी झाली. मुक्ता रंगाला बाहेर पडली नाही, खिडकीतून बघत होती.

आज मला म्हणाली, तुमची त्वचा कुठल्या प्रकारची आहे माहीत आहे का, आई? मी म्हटलं, म्हातारी! हसली. बऱ्याच दिवसांनी. मग सांगितलं, तोंड धुवा, काही लावू नका, अर्धा तास थांबा. ताणलं तर कोरडी, सगळीकडे चकाकलं तर तेलकट, नुसतं नाक-कपाळ चकाकलं तर मिश्र.

परीक्षेला बसल्यासारखी खुर्चीत बसून राहिले. तोंड असं ताणलं की हसता येईना. कोरडी! एकदम कोरडी! आणि त्रेसष्ट वर्षं मी त्यावर बेसन घासतेय. आईची तेलकट होती, म्हणून तिला बेसन बरं. मला कोणी विचारलं नाही. मी तरी मुक्ताला कुठे विचारलं?

तिने तिच्यातलंच मॉइश्चरायझर दिलं. लावते दोन्ही वेळा, कपाळ सोडून.

१८ एप्रिल

घाटावरच्या लतिकावहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मी आणि मुक्ता दोघी गेलो. जाऊ नकोस म्हणावंसं वाटत होतं, म्हटलं नाही. आता वाटतं, म्हटलं असतं तर बरं.

वहिनी कुंकवाची कोयरी घेऊन तिच्यापुढे आल्या. बोट उचललं, डाग पाहिला आणि बोट तसंच थांबलं. मुक्ता हळूच म्हणाली, काकू, मला नको, त्रास होतो. मागून कोणीतरी म्हणालं, आजकालच्या मुलींना नकोच असतं. दुसरी म्हणाली, सासूने शिकवलं नसेल. हे मला ऐकू येईल असं.

आणि मी काय केलं? पन्हं ढवळलं. ढवळलेलं पन्हं परत ढवळलं! एक वाक्य बोलायचं होतं — हे माझ्या कुंकवाने झालंय. अठ्ठावीस वर्षं वर्गात बोलले, तिथे तोंड उघडलं नाही.

मुक्ताने डाळ खाल्ली, नमस्कार केला. परत येताना घाटाच्या पायऱ्यांवर माझा हात धरला, मी पडू नये म्हणून.

१९ एप्रिल

सकाळीच लतिकावहिनींकडे गेले. बसलेसुद्धा नाही. दारातच सांगितलं, "काल जे बोललं गेलं ते मला बोला. ती चरचरतंय म्हणत होती, मी ऐकलं नाही. तिचा डाग माझ्यामुळे आहे."

वहिनींनी मला आत ओढलं, दार लावलं आणि कपाळावरची मोठी टिकली नखाने काढली. खाली गोल, पांढरट, सोललेलं.

"वीस वर्षं खाजतंय गं," म्हणाल्या. "सांगू कोणाला?"

मी त्यांना डॉक्टरनीचा पत्ता लिहून दिला. कालच्या सगळ्यांना मीच सांगीन म्हणाल्या.

२१ एप्रिल

मुक्ताला अजून काही बोलले नाही. वहिनींना सांगता आलं, हिच्यासमोर जीभ उचलत नाही. ती चहाचा कप पुढे करते, मी घेते. डाग आहे तसाच आहे. ती आरशात बघते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते.

२७ एप्रिल

करंडा रिकामा केला, घासला, आणि कपाटात ठेवून दिला. मुक्ताने पाहिलं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

दहा वाजता घाटावर निघालो, ऊन कडक. मुक्ता दारात थांबवून म्हणाली, तुम्हीही सनस्क्रीन लावा. ट्यूब शोधत बसले तर तिनेच बोटावर घेतलं. दोन ठिपके गालांवर, एक नाकावर, एक हनुवटीवर. मी म्हटलं, झालं, चल.

"कपाळ राहिलं, आई."

आणि अनामिकेने बरोब्बर मध्ये ठिपका ठेवला. अकरा वर्षं तिथे कोणाचं बोट लागलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली. म्हटलं, "मुक्ता, माझं चुकलं गं."

"डोळे मिटा," ती म्हणाली, "आत जाईल."