तोरणाची तिसरी चौकट

केगल्ल,
वेसाकनंतरचा मंगळवार

प्रिय सोमाआत्या,

त्रिरत्नांची सावली तुमच्यावर असो. विड्याची पानं हाती घेऊन, गुडघ्यांवर बसून करायचा नमस्कार पाकिटात मावत नाही. तो केला असं धरून चाला. तुमची कंबर आता कशी आहे? आईचा रक्तदाब ठीक आहे (वाढतो तो फक्त माझ्या लग्नाचा विषय निघाल्यावर, म्हणजे जेवताना). तुम्ही सुचवलेल्या कोलंबोच्या स्थळाबद्दल शेवटी लिहिते. आधी तोरणाचं ऐका, कारण आईने ते फोनवर उलटसुलट सांगितलं असणार.

यंदा विहारातल्या भंतेंनी वेसाकचं दिव्यांचं तोरण माझ्याकडे सोपवलं. एरवी त्या उंच कमानीवर चित्रांच्या चौकटींतून जातककथा असते. यंदा त्यांना धम्मशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी पहिला धडा हवा होता. चार आर्यसत्यं, चार चौकटी. पहिलीत दुःख. दुसरीत तृष्णा (रंगाऱ्याने तळलेल्या गोड कवुमांच्या ताटावर झेपावणारा माणूस काढला, तो मामांसारखा दिसतो हे मामा सोडून सर्वांना कळलं). तिसरीत दुःखाचा अंत, आणि चौथीत आठ आऱ्यांचं फिरतं चक्र, म्हणजे मार्ग. ते चक्र मी स्वतः जुळवलं होतं. स्वतःच्या कामाचं कौतुक करायची मला सवय नाही, म्हणून एवढंच लिहिते की ते लोकांनी पाहावं अशी माझी फार इच्छा होती.

तिसरी चौकट निर्वाणाची, तेव्हा तिथे सगळे दिवे एकदम लावायचे असं मी ठरवलं. भाराचा हिशेब चोख होता. पण जनरेटर सांभाळणाऱ्या जयतिस्सने (शाळेसमोर पंखे दुरुस्त करतात, त्यांचा मुलगा) मला न विचारता त्याच तारेवर दानशाळेतली, फुकट चहासाठी पाणी तापवायची विजेची टाकी जोडली.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांत सगळं गाव जमलं. दुःख पेटलं. तृष्णा पेटली, मामा हसले. मग निर्वाण क्षणभर लखलखलं आणि रस्ताभर काळोख झाला. मी शिडीकडे धावणार, तोच अंधारातून एक आजी म्हणाल्या, "बघा पोरांनो, हेच ते. तेल संपलं, दिवा विझला." साऱ्या रस्त्याने हात जोडले, साधू, साधू, साधू म्हटलं आणि लोक समाधानाने कोमट चहा प्यायला गेले. चौथी चौकट कुणी पाहिलीच नाही. अख्खं गाव मार्गावाचून निर्वाणाला पोहोचलं.

मी जयतिस्सला टाकी काढायला सांगितली.

"काढतो की. पण मग चहा नाही, म्हणजे पुन्हा पहिली चौकट," तो म्हणाला. "आणि निर्वाणाला एवढे दिवे कशाला गं? धम्मशाळेत पहिली यायचीस ना तू?"

मी तडक भंतेंकडे गेले आणि दुरुस्तीची परवानगी मागितली.

"विझलं ते बरोबरच होतं, दुलांजली," ते म्हणाले. "पुढचं लावायचं राहिलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी जोडणी बदलली. टाकी होती तिथेच राहिली. संध्याकाळी तिसऱ्या चौकटीला सगळं मुद्दाम विझवलं. मग त्या काळोखात एकटं चक्र उजळलं आणि फिरू लागलं. चहाकडे निघालेले लोक वाटेतच थांबले. कालच्या आजी नातवाला म्हणाल्या, "थांब रे, अजून आहे." मामांनी तर पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितलं, आणि ते पाहून झाल्यावर हातातला कवुम ताटात परत ठेवला (एक, दुसरा खिशात होता).

मी खूश आहे. हे आईला कळवू नये.

आपली,
दुलांजली

ता. क. कोलंबोचे गृहस्थ सज्जनच असतील. त्यांची पत्रिका सोबत परत पाठवते आहे.

आणखी ता. क. पाकिटात दुसरीही एक पत्रिका निघेल. ती चुकून आलेली नाही. टाकीबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही, पण माझ्या पत्रिकेशी जुळते का ते पाहून घ्यावं आणि आईला तुम्हीच सांगावं. तिचं जेवण झाल्यावर.

शेवटचा ता. क. न जुळल्यास ज्योतिषी बदलावा.