बियाच्या काकड्या

अण्णा, यंदा तुमच्या काकडीचं बी जवळजवळ संपलं होतं. जवळजवळ म्हणते, कारण आता ते माझ्यासमोर ताटलीत आहे. पण मधले आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

आधी हे सांगायला हवं की कागलच्या रस्त्याकडेच्या आपल्या रानात आता ऊस नाही. मी भाजी करते, आणि ती बाजारात नेत नाही. कोल्हापुरातली चाळीस घरं हंगामाआधीच पैसे भरून माझी सभासद होतात आणि दर शनिवारी रानात जे निघेल ते पिशवीतून त्यांच्या दारात जातं. आदल्या दिवशी मी ग्रुपवर रानाची खबर लिहिते: गवार कोवळी आहे, भेंडी उन्हानं राठ झाली, कोथिंबिरीनं मान टाकली. "भाजीची पत्रिका काढतीस व्हय गं?" असं तुम्ही नक्की म्हणाला असता. लोकही वस्ताद आहेत. सलग तिसऱ्या शनिवारी दोडका गेला तेव्हा एका मास्तरांनी उत्तर धाडलं, "ताई, आता दोडक्याचं नाव आमच्या रेशनकार्डावर घालतो की!" मला हे आवडतं, अण्णा. वाकून वाकून कंबर मोडते, पण आपली भाजी कुणाच्या ताटात जाते ते ठाऊक असतं, आणि त्यात मी सुखी आहे.

मे सरत आला की मात्र रान आटतं. यंदा ऊन असं तापलं की फुलं जागेवर गळाली. शुक्रवारच्या तोडणीनंतर पाच पिशव्या हलक्याच राहिल्या. वेलावर तुमच्या त्या बुटक्या काकडीच्या पाच काकड्या होत्या, बियासाठी राखलेल्या, पिकून पिवळ्याधमक, देठाला चिंधी बांधलेल्या. गेल्या सालचं सगळं बी मी पेरून बसले होते, त्यामुळे होतं नव्हतं ते त्या पाचांतच. त्याच काकड्या एकेक करून त्या हलक्या पिशव्यांत गेल्या. खबरीत मी लिहिलं, "पिकली काकडी, थालीपिठाला झकास."

मी आठ वर्षांची असताना अशीच एक चिंधीची काकडी बांधावर बसून खाल्ली होती. मी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून उभी आहे. आई पदर तोंडाला लावून हसतेय, तुम्ही हसत नाही. "बी खाल्लंस. आता फुडच्या साली काय लावू, तुझं दात?" एवढंच बोलता आणि अर्धी भाकरी तशीच टाकून उठता. मार बसला असता तर मी विसरले असते.

रविवारी सकाळी रिकामा वेल बघितला. ग्रुपवर कळवलं: काकडी चुकून आली, चिरली नसेल तर बी ठेवा. चार घरांची उत्तरं आली. थालीपीठ झकास झालं होतं आणि बिया कचऱ्यात गेल्या होत्या. पाचवी पिशवी गेली होती शिवणकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचींकडे. त्यांच्याकडे साधा फोन, माझी खबर त्यांना मिळतच नाही. त्यांची काकडीही संपलीच असणार असं धरून मी विचारायलासुद्धा गेले नाही.

पुढच्या शनिवारी चाचींकडे पिशवी द्यायला गेले तर म्हणाल्या, "थांब जरा. बियाची काकडी कोण देतं व्हय लोकास्नी? देठाला चिंधी बघितली आन् म्हटलं, पोरगी येडी झाली." आतून पुरचुंडी आणली. बी धुऊन, बंबातल्या राखेत घोळून, सावलीत वाळवलेलं. "माझा बापबी असंच ठेवायचा." मी दारातच रडले. "रडतीस काय? भाजी दे की," म्हणाल्या.

बी पुरेल. निम्मं मी लावीन, निम्मं चाचींकडेच ठेवीन. माझ्यापेक्षा त्यांच्याकडे ते सुखरूप राहील. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून राहिलेलं लिहून टाकते. सगळ्यांना मी 'चुकून' म्हटलं. चाचींनी वेडी म्हटलं, तेही ऐकून घेतलं. चुकून नव्हे, अण्णा. तोडणीला आलेल्या बाया घरी गेल्यावर मी एकटी वेलाकडे गेले आणि बियाच्या आहेत हे समजून-उमजून त्या तोडल्या. पिशवी हलकी दिसेल, लोक नावं ठेवतील, एवढ्याच भीतीपायी. तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगायचा धीर मला झाला नसता.